कागद घेतला नाही

त्या दिवशी माझ्याकडे काम एवढंच होतं, की नातीच्या शेजारी गाडीत बसायचं, डबा मांडीवर धरायचा आणि आमटी सांडू द्यायची नाही. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसावर अमेरिकेत याहून मोठी जबाबदारी कुणी टाकत नाही.

मी श्रीराम हसबनीस. शेवटची अकरा वर्षं मी नाझर होतो. म्हणजे समन्स आणि नोटिसा घरोघर पोचवणारे सगळे बेलिफ माझ्या हाताखाली. निवृत्त झाल्यापासून दर दोन वर्षांनी मुलीकडे, पद्मजाकडे, स्टेट कॉलेज नावाच्या गावी येतो. सहा महिने राहतो. हिवाळ्यात इथे करण्यासारखं काही नसतं. खिडकीतून बर्फ बघायचा आणि थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही.

आरोही ही पद्मजाची मुलगी. वय सव्वीस, जन्म इथलाच. जुन्या कागदांची व्यवस्था लावणं हा तिचा पेशा. मी तिला रेकॉर्ड-कीपर म्हटलं की ती रागावते.

"आजोबा, आर्काइव्हिस्ट. मास्टर्स केलंय मी त्यात."

"आमच्याकडे साहेबाची मर्जी गेली की रेकॉर्ड रूमला बदली व्हायची. तू फी भरून गेलीस."

"यू आर सो मीन," असं म्हणून ती हसली आणि गाडी हायवेवरून खाली, शेतांमधल्या रस्त्याला घातली.

गावाबाहेर पंचवीस मिनिटांवर, एका दरीत, मिस पेनवॉर्डन नावाच्या बाईंचं घर होतं. बाई चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारल्या. मूलबाळ नाही. घर आणि घरातले कागद त्यांनी तिथल्या एका छोट्या इतिहास मंडळाला दिले, आणि मंडळाने यादी करायचं काम आरोहीला. बाईंचं घराणं कॅनडातलं, ओन्टारिओतल्या एका सरोवराकाठचं. एकोणिसाव्या शतकात ओळीने चार पिढ्या वकील. जोसाया, त्याचा मुलगा एझ्रा, त्याचा विल्यम, त्याचा एडमंड. एकाच घरात चार वकील निपजले, तेव्हा शेजाऱ्यांनी काय सोसलं असेल कोण जाणे. या लोकांनी एक चिठोरंही फेकलं नव्हतं. एकशे चाळीस खोकी होती.

रस्ते निसरडे, घर एकाकी, म्हणून पद्मजाने मला सोबत धाडलं होतं. माझ्या सोबतीने कुणाचं रक्षण होईल हा तिचा समज मी खोडून काढला नाही.

घर दुमजली, लाकडी, करड्या रंगाचं. मागे गोठलेलं तळं. आत वास होता जुन्या कागदांचा, तो मला माहेरचा वाटतो. पण त्याच्या खाली आणखी एक वास होता. ओल्या लोकरीचा. ओलं घोंगडं कोपऱ्यात दोन दिवस पडून राहिलं की येतो तसा.

"लीक असेल कुठेतरी," आरोही म्हणाली. "आणि ही बाई वियर्ड होती हं. फ्रंट डोअरला आतून सोफा लावलेला. शेजारचे सांगतात, चाळीस वर्षं ते दार कुणी उघडलं नाही. ती किचनच्या दाराने ये-जा करायची."

"मग सोफा कुठाय?"

"मी हलवला काल. खोकी न्यायला दार नको का?"

जेवण झालं. आरोही कानात इअरफोन घालून वरच्या मजल्यावर गेली. मला खालच्या दिवाणखान्यात दैनंदिन्यांचं एक खोकं देऊन तिने बजावलं, "फक्त वर्षाप्रमाणे लावा. नथिंग एल्स. आणि प्लीज, पानांवर काही लिहू नका."

मी लावू लागलो. कागद हातात आला की वाचल्याशिवाय सोडायचा नाही, हा आमचा दोष.

जोसायाची १८३८ सालची वही. मार्च महिना. "समन्स घेऊन बेलिफ अ‍ॅम्ब्रोजला सरोवरापलीकडे पाठवले. बर्फ पातळ झाला आहे असे तो म्हणाला. मुदत उद्या संपते. जावेच लागेल असे सांगितले." दुसऱ्या दिवशी एकच ओळ. "अ‍ॅम्ब्रोज परतला नाही."

मी चष्मा पुसला. माझ्याही हाताखाली असे लोक होते. पुराच्या पाण्यातून नोटीस घेऊन जाणारे. त्यांना "मुदत उद्या संपते" असं सांगणारा मीच असे.

पुढच्या वर्षीच्या जानेवारीत जोसाया लिहितो, "अ. दाराशी आला. कागद घेतला नाही." त्यापुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग एझ्राच्या अक्षरात, "तो आला. कागद घेतला नाही." मग विल्यम. मग एडमंड. मिस पेनवॉर्डनच्या तर डायऱ्याच नव्हत्या, भिंतीवरची फुकटची कॅलेंडरं होती. प्रत्येकात जानेवारीच्या एका चौकोनात पेन्सिलीने "नाही."

मला हसू आलं. सगळा प्रकार माझ्या ओळखीचा होता. कुणीतरी यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या समन्स बजावू पाहत होतं आणि हे नामांकित वकील दाराआड बसून ते चुकवत होते. मी असे शेकडो पाहिलेत. बेलिफ फाटकाशी दिसला की मालक शेतावर, मालकीण माहेरी आणि आतून खोकल्याचा आवाज. कागद हातात घेतला नाही की आपण त्यातले नाही, ही समजूत सातारा आणि ओन्टारिओ या दोन्ही ठिकाणी सारखीच. शेवटी दोघांचा साहेब एकच होता.

तेवढ्यात दार वाजलं.

पुढचं दार. तीन ठोके, सावकाश. सरकारी ठोके.

दुपारचे दोन चाळीस झाले होते. बाहेर लख्ख ऊन होतं आणि बर्फावरून ते डोळ्यांत खुपत होतं. मला भीती वाटावी असं तिथे काही नव्हतं. मंडळाचं काही पार्सल असेल म्हणून मी उठून दार उघडलं.

समोर एक माणूस. लांब, काळपट कोट. उजेड त्याच्या पाठीमागे होता, आणि खरं सांगायचं तर मी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. छत्तीस वर्षं समोरच्याच्या हातातला कागद बघायची सवय. त्याच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. बर्फ वितळला असेल, असं मी धरून चाललो.

"पेनवॉर्डनचे कागद कोणाच्या ताब्यात आहेत?" त्याने इंग्रजीत विचारलं. आवाज घोगरा, घशात पाणी अडकल्यासारखा.

"आरोही मोकाशी," मी म्हणालो. "माझी नात. वर काम करतेय."

त्याने ते नाव कागदावर लिहिलं. मग दोन प्रती पुढे केल्या आणि एक बोरू. बोरू पाहून तरी मला कळायला हवं होतं. पण समोर कागद, कागदावर सहीची रिकामी जागा, आणि एक माणूस थंडीत खोळंबलेला. माझा हात आपोआप चालला. "मिळाले. आरोही मोकाशी यांचेकरिता." खाली सही, तारीख, वेळ. साहेबांच्या नावचं टपाल त्यांच्याकरिता मी आयुष्यभर असंच घेतलं.

त्याने आपली प्रत घेतली. दुसरी माझ्या हातात राहिली. दार लावताना मला दिसलं, पायऱ्यांवरचा बर्फ कोरा होता. येतानाचं पाऊल नाही, जातानाचं नाही. फक्त उंबऱ्याबाहेर, तो उभा होता तिथे, दोन पावलांएवढं पाणी.

मी कागद वाचला. जुना छापील नमुना, कडा फुगलेल्या. आरोहीचं नाव तपकिरी शाईत, अजून ओलं. मजकूर थोडका होता. आज सूर्यास्ताला हजर व्हावे. ठिकाण, जिथे मला पाठवले तिथे.

मी खोक्याकडे गेलो. दैनंदिन्या भराभर उलटल्या. इतक्या पिढ्यांत एकाही माणसाने कागद घेतला नसेल? घेतला होता. विल्यमच्या वहीत, १८७१.

"धाकटा मुलगा थिओ याने आज गंमत म्हणून दार उघडले व सही केली. तीन वाजता त्याचे मोजे भिजले. कोरडे घातले, तेही भिजले. सूर्यास्ताला तो या खोलीत, या खुर्चीत होता. मी त्याचा हात धरून होतो. मग माझ्या हातात पाणी होते." पुढे तीन दिवस कोरे. मग, "थिओ सापडला. सरोवरात, बर्फाखाली. बर्फ दोन फूट जाड व अखंड आहे. भोक कुठेही नाही."

जिन्यावर पावलं वाजली. चपचप, चपचप.

"आजोबा," आरोही अर्ध्या जिन्यात थांबली, "धिस इज सो स्ट्रेंज. माझे सॉक्स भिजलेत. वर कुठे पाणीच नाहीये..."

मी म्हणालो, "घरी जाऊ या. आत्ता."

"का? अजून तर..."

"आरोही, गाडीची किल्ली घे!"

मी तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. तिने माझं तोंड पाहिलं आणि मुकाट्याने कोट घेतला. स्वयंपाकघराच्या दारापर्यंतही ती पोचली नाही. खाली बसली. तिचे ओठ निळे पडत होते आणि केसांतून पाणी गळत होतं, एकेक थेंब, धुतलेल्या भाजीच्या पेंडीतून गळावं तसं. मी तिला घोंगडी गुंडाळली. घोंगडी भिजली. दुसरी आणली. तीही.

फोन लावला. त्या दरीत सिग्नल नव्हता. गाडी मला इथली चालवता येत नाही. खरं म्हणजे तिथलीही नाही.

"आजोबा, वर कोण चालतंय?" तिने विचारलं.

"कोणी नाही, बाळा."

"चालतंय. अगदी डोक्यावरून. बूट आहेत..." आणि तिने हात वर केला. तळहात उघडा करून डोक्यावर वीतभर अंतरावर ती काहीतरी चाचपू लागली. तिथे हवा होती. पण तिचा हात थांबत होता. सपाट, सलग काहीतरी होतं तिथे तिच्यासाठी, आणि ती हाताने त्याला भोक शोधत होती.

"कोल्ड आहे," ती म्हणाली. "कुठेच ओपनिंग नाही..."

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं. या दिवसांत सूर्य पाचला बुडतो.

देवाचं नाव घ्यायला हवं होतं. ते सुचलं नाही. सुचलं ते एवढंच, की बेलिफ कागद बजावून लगेच जात नाही. तो जवळपास कुठेतरी थांबून अहवाल लिहितो. तो लिहून सादर होईपर्यंत बजावणी पुरी होत नाही.

मी खिडकीतून पाहिलं. मागच्या तळ्याच्या मधोमध, बर्फावर, तो काळा कोट उभा होता. मान खाली. लिहीत होता.

आरोहीला भिंतीला टेकवून मी बाहेर पडलो. बर्फात दोनदा पडलो. तळ्यावर पाय ठेवताना वाटलं, आता आपण जाणार. बर्फ कुरकुरला, पण धरून राहिला. जवळ गेल्यावर तो ओल्या लोकरीचा वास आला. त्याच्या खाली दुसरा, गाळाचा. ऊन तिरपं झालं होतं आणि माझी सावली लांबच लांब पडली होती. त्याची पडली नव्हती. याही वेळी मी चेहऱ्याकडे पाहिलं नाही. या खेपेला सवय म्हणून नव्हे.

"ही बजावणी चुकली आहे," मी म्हणालो. कोर्टातला आवाज काढायचा होता, निघाला तो शेळीचा.

बोरू थांबला.

"पक्षकार स्वतः भेटला नाही, तर कागद कुटुंबातल्या सज्ञान माणसाला देता येतो. पण तो माणूस पक्षकाराबरोबर राहणारा हवा." मी श्वास घेतला. "मी तिच्याबरोबर राहत नाही. मी पाहुणा आहे. माझ्या पासपोर्टवर शिक्का आहे तसा. मार्चपर्यंत मला या देशातून जावं लागतं. मला तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. चूक दोघांची. पण बजावणी झालेली नाही."

पाणी ठिबकत राहिलं.

"अ‍ॅम्ब्रोज," मी म्हणालो, "तुम्हीही नोकर माणूस. मीही. चुकीचा अहवाल गेला तर साहेबाला काही होत नाही. ती पोरगी पेनवॉर्डन नाही. तिने तुम्हाला कुठेही पाठवलेलं नाही. ती नुसती कागद लावतेय."

बराच वेळ गेला. सूर्य डोंगराला टेकला. घराकडून काही आवाज येत नव्हता, आणि मला तेच सोसवत नव्हतं.

मग त्याने त्याची प्रत पुढे केली. मी आरोहीच्या नावावर आडवी रेघ मारली. बाजूला लिहिलं, "स्वीकारणारा इसम पक्षकारासोबत राहत नाही. सबब बजावणी न होता परत." खाली सही केली.

त्याने कागद लगेच घेतला नाही. सहीखालच्या एका रकान्यावर बोट ठेवलं. बोट पांढरं होतं, साबणासारखं झिजलेलं. रकाना होता, सही करणाराचे नाव व कायमचा राहण्याचा पत्ता.

मी तो भरला. लोक मला विचारतील, का भरलास. घरात पोरीचा श्वास कोंडत होता आणि रकाना रिकामा ठेवून कागद परत केला तर तो घेतला गेला असता का, हे मला ठाऊक नव्हतं. मी साताऱ्याचा फ्लॅट नंबर लिहिला. तिसरा मजला लिहिला. पिन कोडसुद्धा लिहिला.

त्याने कागद घडी करून कोटात घातला. पाठ फिरवली आणि तळ्याच्या दुसऱ्या काठाकडे चालत गेला. दर पावलागणिक तो थोडा बुटका दिसू लागला. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत. बर्फ कुठेही फुटला नाही.

मी धावलो. या वयात ज्याला धावणं म्हणतात ते. आरोही फरशीवर पालथी पडून खोकत होती. तोंडातून पाणी येत होतं, गढूळ, त्यात एक हिरवट शेवाळाचा धागा. मी तिची पाठ चोळत बसलो. पाच वाजून गेले. अंधार पडला. तिचे हात हळूहळू कोमट झाले.

"आय ब्लॅक्ड आउट, आय थिंक," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "मॉमला नका सांगू हं. ती मला परत येऊ देणार नाही."

"तू परत येणार नाहीसच."

"आजोबा..."

"नाही म्हणजे नाही."

तिने वाद घातला नाही. तिच्या जन्मात असं पहिल्यांदाच घडलं. दुसऱ्या दिवशी तिने ते काम सोडलं. मंडळाला कारण काय दिलं, मी विचारलं नाही. सोफा मात्र आम्ही निघण्यापूर्वी दोघांनी मिळून दाराला लावला.

याला आता पाच आठवडे झाले. आरोही ठीक आहे. हसते, जेवते, मला मीन म्हणते. फक्त आंघोळीला टबात बसत नाही आणि झोपताना एक हात उशीवरून वर, पलंगाच्या फळीला लावून ठेवते.

मीही ठीक आहे. रात्री झोप येते. या देशात मी पाहुणा, पाहुण्यावर बजावणी होत नाही, हे मीच लिहून दिलंय. साताऱ्यात मात्र मी पाहुणा नाही. हिशेबाला मी पक्का आहे. तो माणूस टपालाने येत नाही, पायी येतो. मध्ये समुद्र आहे, पण पाण्याची त्याला अडचण असेल असं मला वाटत नाही.

माझं परतीचं तिकीट नऊ मार्चचं आहे. काल पद्मजाला विचारलं, मुक्काम वाढवून मिळेल का. ती खूश झाली. म्हणाली, "बाबा, तुम्हाला इथे करमायला लागलं तर! अर्ज करू या की."

आज सकाळी साताऱ्याहून नीलाताईंचा मेसेज आला. त्या माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, माझी चावी त्यांच्याकडे असते. लिहितात, "काका, तुमच्या दारासमोर आठवडाभर रोज पाणी दिसतंय. प्लंबर येऊन गेला, पाइप सगळे कोरडे आहेत. मी रोज पुसते. पण आज ते दाराच्या आतल्या बाजूला आहे. आणि काका, बाहेर एवढं ऊन, पण पाणी बर्फासारखं गार लागतंय."